दहा बाय बाराच्या खोलीसाठी नवे स्पीकर निवडताना

जुने स्पीकर बदलायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा सुरू होते ती ब्रँडवरून. मग बजेट ठरते, खरेदी होते, आणि खोकी घरी येऊन पडल्यावर ती कुठे ठेवायची याचा विचार सुरू होतो. मोठ्या दिवाणखान्यात हा क्रम एखाद वेळेस खपून जातो, पण लहान खोलीत तो हमखास महागात पडतो. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खालच्या स्वरांत (बासमध्ये), कानावर काय पडते हे स्पीकरइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ती खोली ठरवते. म्हणून आधी खोली समजून घ्यावी, मग बसण्याची आणि स्पीकरची जागा कागदावर आखावी आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. हा लेख गाणे ऐकण्यासाठी राखलेल्या लहान खोलीतल्या दोन स्पीकरांच्या संचाबद्दल आहे. होम थिएटरचे गणित वेगळे असते आणि ते येथे घेतलेले नाही.

जुने स्पीकर खरोखर निकामी झाले आहेत का?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारण्याचे कारण पैसे वाचवणे एवढेच नाही. जुन्या स्पीकरमध्ये नेमके काय बिघडले हे कळले की नव्यात काय पाहायचे हेही कळते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अनेक वूफरांच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरांच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या घटकांच्या) कडेला पॉलियुरेथेन फोमची कडी असे. दमट हवेत हा फोम हळूहळू विघटित होतो, आणि मुंबई, कोकण, गोवा अशा ठिकाणी तर दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होणे नवलाचे नाही. जाळी काढून त्या कडीला बोटाने अगदी हलका स्पर्श करावा. फोम चिकट लागला, बोटावर काळसर पूड आली किंवा कोनाभोवती (हलणाऱ्या शंकूभोवती) बारीक भेगा दिसल्या, तर घरघरणारा किंवा पोकळ झालेला बास कुठून येतो ते समजलेच. अशी कडी बदलून मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात आणि पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केल्यास हे काम करणारे कारागीर सापडतात.

त्यानंतर स्पीकरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडवून टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध साडेपाच ते साडेसहा ओहमच्या आसपास आणि ४ ओहमच्या स्पीकरचा तीन ते साडेतीनच्या आसपास दिसला, तर वूफरची कॉइल (कोन हलवणारे तारेचे वेटोळे) शाबूत आहे. मग वूफरचा कोन दोन्ही बाजूंना सारखी बोटे ठेवून किंचित आत दाबावा. खरखर ऐकू आली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे असे समजावे. वूफर ठीक असूनही वरचे स्वर मंद झाले असतील, तर क्रॉसओव्हरमधले (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते बदलायला फारसा खर्च येत नाही. एकाच बाजूचा आवाज बिघडला असेल तर डावा आणि उजवा स्पीकर आपसांत बदलून पाहावेत. दोष बाजूला तसाच राहिला तर तो अँप्लिफायरचा, तारेचा किंवा खोलीचा आहे, स्पीकरचा नाही.

या तपासणीतून दुरुस्तीचा मार्ग निघाला तर तो जरूर घ्यावा. मात्र स्पीकर सुस्थितीत असूनही खोलीत कधीच नीट वाजले नसतील, एखादा स्वर घुमत असेल आणि त्याच्या शेजारचा गायब होत असेल, तर दुरुस्तीने काही साधणार नाही.

खोली मोजणे

मेजरिंग टेप घेऊन लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून काढावी. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ११३० फूट असतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी तरंगलांबी नेमकी मावेल असा स्वर त्या खोलीत प्रमाणाबाहेर फुगतो. हिशेब सोपा आहे. ५६५ या आकड्याला फुटांतल्या अंतराने भागले की तो स्वर हर्ट्झमध्ये मिळतो. १२ फूट लांबीला ४७, १० फूट रुंदीला साधारण ५६ आणि साडेनऊ फूट उंचीला साधारण ५९ हर्ट्झ येतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या खोल्यांची खरी अडचण येथे दिसते. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५६ आणि ५९ हे दोन स्वर एकमेकांना खेटून येतात आणि तेवढ्या पट्ट्यात बास दुप्पट जोराने घुमतो. दहा बाय दहाची चौरस खोली याहूनही अवघड असते. दुसरी खोली उपलब्ध असेल तर ऐकण्यासाठी चौरस खोली निवडू नये.

हा फुगवटा कानांनी पडताळून पाहावा. फोनवरच्या टोन जनरेटरमधून ४७ हर्ट्झचा स्वर जुन्याच स्पीकरवर अगदी बेताच्या आवाजात लावावा, खोलीच्या बरोबर मध्यभागी उभे राहावे आणि मग सावकाश मागच्या भिंतीकडे चालत जावे. मध्यावर जवळपास नाहीसा झालेला स्वर भिंतीपाशी येईपर्यंत छातीत जाणवण्याइतका वाढतो. स्पीकर तोच आणि व्हॉल्यूमही तोच, तरी चार पावलांत एवढा फरक पडतो. हा प्रयोग एकदा केला की स्पीकरच्या बासविषयी इतरांनी दिलेल्या शेऱ्यांवर किती विसंबायचे ते आपोआप उमगते.

भिंती कशाच्या आहेत याचाही विचार हवा, कारण परदेशी परीक्षणे वाचताना हा मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या थरथरतात आणि खालच्या स्वरांची बरीच ऊर्जा पिऊन टाकतात किंवा पलीकडे जाऊ देतात. आपल्याकडे विटांच्या, प्लास्टर केलेल्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. अशा खोलीतून बास बाहेर पडत नाही, तो आतच फिरत राहतो. तिकडच्या परीक्षकाने ज्या बासला भरदार म्हटले तोच इथे गुदमरवणारा होऊ शकतो. कौलारू छपराच्या किंवा लाकडी पाटणीच्या जुन्या घरात मात्र उलट अनुभव येतो, कारण तिथे खालचे स्वर वरून निसटून जातात. तशा खोलीत थोडा मोठा स्पीकर सहज चालतो.

आपण काय ऐकतो?

किती खोल बास लागतो याचे उत्तर आपल्या संगीतात शोधावे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. स्त्री गायिकांची पट्टी याहून वरची असल्याने त्यांच्या तानपुऱ्याचा खर्जही वरच राहतो. नाट्यसंगीत, भावगीते, अभंग आणि खयाल हीच मुख्य आवड असेल, तर ६० हर्ट्झपर्यंत खरोखर स्वच्छ वाजणारा स्पीकर जवळजवळ सगळे काही देतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि तिची मींड स्पष्ट ऐकू येणे हे बास किती खोल जातो यापेक्षा तो किती लवकर थांबतो यावर अवलंबून असते. जॅझमधला डबल बास आणि बास गिटार यांची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झवर. सिनेमाचे पार्श्वसंगीत किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत हीच मुख्य आवड असेल तर गरज बदलते, पण त्यासाठीही मोठ्या स्पीकरपेक्षा लहान स्पीकर आणि नंतर विचारपूर्वक बसवलेला सबवूफर (फक्त सर्वांत खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) हा मार्ग मला अधिक पटतो, कारण सबवूफरची जागा आणि पातळी दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात.

कोणत्या जातीचा स्पीकर?

अशा खोलीत जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ज्या खालच्या स्वरांसाठी बनवलेले असतात तेच स्वर या खोलीत आधीच फुगलेले असतात. शिवाय त्यांच्या तीन-चार ड्रायव्हरांचा आवाज एकजीव होण्यासाठी काही अंतर लागते, आणि सहा फुटांवर बसलेल्या श्रोत्याला ते अंतर मिळत नाही. स्टँडवर ठेवायचा, पाच ते साडेसहा इंची वूफर असलेला दोन ड्रायव्हरांचा स्पीकर ही इथली योग्य निवड होय. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा लहान ड्रायव्हर) वूफरच्या केंद्रातच बसवलेला समाक्ष प्रकारही जवळून ऐकण्यासाठी उत्तम ठरतो, कारण सगळे स्वर एकाच बिंदूतून येतात आणि डोके थोडे वरखाली झाले तरी आवाजाचा पोत बदलत नाही. केईएफ ही ब्रिटिश कंपनी १९८८पासून असे ड्रायव्हर बनवत आली आहे.

पुढचा निर्णय बंद खोके की पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असलेले, हा आहे आणि तो खोलीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बंद खोक्याचा बास एका मर्यादेखाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. लहान, घट्ट भिंतींची खोली खालच्या स्वरांना उचलून धरते, आणि बंद खोक्याचा सावकाश उतार त्या उचलीशी चांगला जुळतो. म्हणून कागदावर ६५-७० हर्ट्झपर्यंतच जाणारा बंद स्पीकरही प्रत्यक्षात पन्नाशीच्या खाली उपयोगी बास देताना आढळतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या चिंचोळ्या जागेसाठी रचलेला एलएस३/५ए. फूटभर उंचीचे बंद खोके, पाच इंची वूफर आणि १०० हर्ट्झच्या वरच्या भागात दिलेला हलकासा उठाव, अशी त्याची रचना होती. मानवी आवाज आणि तंतुवाद्ये यांसाठी त्याचे चाहते आजही जगभर आहेत. त्याची संवेदनशीलता (ठरावीक वॅटमध्ये मिळणारा आवाज) कमी असते आणि तो फार मोठ्याने वाजवता येत नाही, हेही तितकेच खरे.

आज बाजारात बंद खोक्याचे पर्याय थोडे आहेत, तेव्हा पोर्टवाला स्पीकर घ्यावा लागला तर पोर्ट पुढच्या बाजूला असलेला पाहावा, किंवा पोर्ट बंद करायचे फोमचे बूच सोबत मिळणारा निवडावा. पोर्ट मागे असेल आणि भिंत हातभर अंतरावर असेल तर बूच लावून ऐकणे हा पहिला उपाय ठरतो. अंतर्गत अँप्लिफायर असलेले स्टुडिओ मॉनिटर हाही लहान खोलीसाठी गंभीरपणे विचारात घ्यावा असा पर्याय आहे. जेनेलेक आणि नॉयमन या कंपन्यांच्या अनेक मॉडेलांच्या पाठीवर भिंतीजवळच्या बासची पातळी कमी करण्याचे स्विच असतात, आणि तेवढी एक सोय नव्या अँप्लिफायरपेक्षा मोलाची ठरू शकते. आपल्याकडे आधीच चांगला अँप्लिफायर असेल तर मात्र त्याला बाजूला ठेवायला मन तयार होणे कठीण असते.

खरेदीआधी कागदावर मांडणी

बारा फुटांच्या दिशेने तोंड करून, म्हणजे दहा फुटी भिंतीसमोर, स्पीकर मांडावेत. आता एक नियम लक्षात ठेवावा. स्पीकरपासून भिंतीपर्यंतच्या अंतराने, फुटांत, २८२ ला भागले की जो स्वर येतो, तो भिंतीवरून परतलेल्या आवाजाने खोडला जातो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन या तिन्हींचे अंतर सारखे असेल तर तिन्ही खड्डे, म्हणजे खोडले गेलेले स्वर, एकाच जागी पडतात आणि गाण्यातला ऊबदार भागच निघून जातो. म्हणून ही अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवावीत. उदाहरणादाखल, स्पीकरचा दर्शनी भाग स्पीकरमागच्या भिंतीपासून सव्वादोन फूट, बाजूच्या भिंतीपासून वूफरचे केंद्र पावणेदोन फूट आणि जमिनीपासून ते अडीच फूट ठेवले तर खड्डे अनुक्रमे १२५, १६१ आणि ११३ हर्ट्झच्या आसपास विखुरतात. या मांडणीत दोन स्पीकरांत साडेसहा फूट अंतर राहते. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण केला की श्रोता आपल्या पाठीमागच्या भिंतीपासून चारेक फुटांवर येतो, म्हणजे खोलीच्या मध्यावरही नाही आणि भिंतीला चिकटूनही नाही. हेच हवे असते.

हा आराखडा खडूने जमिनीवर काढून पाहावा. दार उघडते का, कपाट आड येते का, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला भिंत अशी विषमता आहे का, हे तिथेच दिसते. घरातल्या माणसांनी ही मांडणी मान्य केली नाही आणि स्पीकर शेवटी भिंतीतल्या फडताळात जाणार असतील, तर ते आताच कळलेले बरे. त्या परिस्थितीत बंद खोक्याचा किंवा बास कमी करण्याची सोय असलेला स्पीकर सोडून दुसऱ्या कशाकडेही पाहू नये.

आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकात ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे लिहिलेले असते. शेजारी ±३ डेसिबल लिहिले आहे, की −६ किंवा −१० डेसिबल, की काहीच नाही, ते पाहावे. मर्यादा न लिहिलेल्या आकड्याला अर्थ नसतो. संवेदनशीलतेच्या बाबतीत मात्र लहान खोलीत घाबरण्याचे कारण नाही. ८५ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी सहा-सात फुटांवर प्रत्येकी १ वॅटमध्ये सुमारे ८३ डेसिबलचा आवाज देते. संगीतातल्या क्षणिक उसळ्यांसाठी ९६ डेसिबल धरले तरी २० वॅट पुरतात. स्पीकर ८२ डेसिबलचा असेल तर ४० वॅट लागतात. इम्पिडन्सकडे (स्पीकर अँप्लिफायरच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाकडे) अधिक लक्ष द्यावे. वर ८ ओहम लिहिलेला स्पीकर एखाद्या पट्ट्यात साडेतीन ओहमपर्यंत उतरत असेल, तर जुना किंवा व्हॉल्वचा (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर तिथे दमतो. किमान इम्पिडन्स किती आहे हे विक्रेत्याला विचारावे.

सर्वांत उपयोगी माहिती बहुधा पत्रकात नसतेच. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून केलेल्या श्रवणचाचण्यांतून असे दिसले की, समोर सपाट आणि बाजूंनाही सुरळीत प्रतिसाद देणारे स्पीकर श्रोत्यांना सातत्याने आवडतात. दहा फुटी खोलीत बाजूच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजापाठोपाठ लगेच कानी येतो, त्यामुळे स्पीकर बाजूला काय फेकतो हे येथे दुप्पट महत्त्वाचे. स्पीकर मोजण्याच्या सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे काढलेले आलेख अनेक मॉडेलांसाठी इंटरनेटवर मिळतात. त्यांत समोरची रेषा सपाट आणि बाजूची सुरळीत, हळुवार उतरणारी असावी. दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास बाजूची रेषा एकदम खड्ड्यात जाऊन वर येत असेल तर तो स्पीकर या खोलीत कर्कश वाटण्याची शक्यता मोठी.

ऐकून पाहणे

दुकानातली खोली आपल्यापेक्षा मोठी आणि गालिच्यांनी भरलेली असते, म्हणून तिथला बास विचारात घेऊ नये. तिथे फक्त मधले आणि वरचे स्वर पारखावेत. स्त्रीचा आवाज, हार्मोनियमची सलग साथ आणि तानपुऱ्याची जवारी या तीन गोष्टी पुरेशा आहेत. हार्मोनियमचे स्वर खालून वर जाताना एखादाच स्वर पुढे उडी मारतो का, जवारीचे बारीक कंगोरे सुटे ऐकू येतात का, की नुसते झुणझुणतात, ते पाहावे. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करणे अत्यावश्यक आहे, कारण एका डेसिबलने मोठा असलेला स्पीकर नेहमी अधिक चांगला वाटतो. फोनवरचे मोजणारे ॲप अचूक आकडा देत नसले तरी पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला सलग खळखळाट) लावून दोन स्पीकरांची पातळी समान करण्यासाठी ते पुरते. शेवटचा निर्णय आपल्या खोलीत, आखलेल्या जागी, किमान दोन दिवस ऐकून घ्यावा, आणि तशी परवानगी देणाऱ्या विक्रेत्याला चार पैसे जास्त मोजावे लागले तरी त्याच्याकडूनच घ्यावे. वापरलेले स्पीकर घेताना सुरुवातीला सांगितलेली फोमची, मल्टिमीटरची आणि कोनाची तपासणी जशीच्या तशी करावी. आपल्या हवेत रबराची कडी असलेले वूफर घेतलेले बरे.

बसवताना

स्टँडची उंची अशी घ्यावी की बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत, साधारण तीन फुटांवर येईल. पोकळ नळ्यांचे स्टँड असतील तर त्यांत चाळलेली आणि उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू भरावी. ओल राहिली तर आतून गंज चढतो. तारेवर फार खर्च करू नये. तीन मीटर अंतरासाठी घरातल्या वायरिंगला वापरतात तसली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी असते. टाइल्सवर स्पीकर आणि श्रोता यांच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा हवाच. मग कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. बसल्या जागेवरून आरशात ट्वीटर दिसतो तिथे पुस्तकांचे कपाट किंवा दोन इंच जाडीचे रॉकवूलचे (खनिज लोकरीचे) पॅनेल लावावे. अंड्यांच्या ट्रेसारखा पातळ फोम सगळ्या भिंतींवर चिकटवण्याचा मोह टाळावा. तो फक्त वरचे स्वर शोषतो, बास तसाच घुमत राहतो आणि खोली अंधारल्यासारखी वाटते.

एवढे झाल्यावर उरलेल्या बासवर मोजून उपाय करावा. यूएसबीवर चालणारा मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून बसण्याच्या जागेवरचा आलेख काढता येतो. आधी खुर्ची आणि स्पीकर दोन-दोन इंचांनी सरकवून आलेख कितपत सुधारतो ते पाहावे. त्यानंतर स्ट्रीमरमधल्या (इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रातल्या) किंवा संगणकातल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने, म्हणजे निवडलेल्या पट्ट्याची पातळी बदलणाऱ्या साधनाने, २०० हर्ट्झच्या खालचे उंचवटेच तेवढे कापावेत. ५६-५९ हर्ट्झचा फुगवटा सहा-आठ डेसिबलने खाली आणला की डग्गा, खर्ज आणि बास गिटार वेगवेगळे होऊन ऐकू येतात. खड्डे मात्र भरायला जाऊ नये. तिथे आवाज वाढवला की भिंतीवरून परतणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि दोन्ही पुन्हा एकमेकांना खोडतात, शिवाय सहा डेसिबलच्या वाढीला अँप्लिफायरला चौपट वॅट पुरवावे लागतात आणि वूफरच्या कॉइलवर ताण येतो तो वेगळाच.